बाटलीतल्या शेवाळाचा किनारा कोणता?

आष्टी तालुक्यात समुद्राच्या संरक्षणाचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. समुद्राची चिंता कोकणानं करावी, फार तर सरकारनं. हा आक्षेप हालअपेष्टांतून आलेला आहे, म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण तो चुकीचा आहे.

कांद्याची पात पिवळी पडू लागली की कृषी सेवा केंद्रातून ‘टॉनिक’ म्हणून जी बाटली रानात येते, तिच्यात अनेकदा समुद्री शेवाळाचा अर्क असतो. तो पंपात ओतणारा शेतकरी कुठल्या तरी किनाऱ्याचं गिऱ्हाईक झालेला असतो. शिवाय आपल्या रानातून वाहून गेलेलं पाणी सीनेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पिकानं न घेतलेला युरियाही त्याच वाटेनं जातो. आष्टी समुद्राकडून घेते आणि समुद्राला देतेही. संबंध नाही, असं म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरा युक्तिवाद विक्रीच्या बाजूचा आहे आणि तो मला जास्त घातक वाटतो. शेवाळ नैसर्गिक आहे, कापलं की पुन्हा वाढतं, मग संपेल कसं? आधी हे बघू की बाटलीत असतं काय. केल्प म्हणजे थंड समुद्रात खडकांना धरून वाढणारी मोठी तपकिरी शैवालं. त्यांची अक्षरशः जंगलं होतात. भारताच्या उबदार पाण्यात खरा केल्प उगवत नाही. तेव्हा लेबलवर ‘केल्प’ लिहिलं असेल तर माल दक्षिण आफ्रिकेसारख्या दूरच्या किनाऱ्यावरून आलेला असणार, नाही तर भलत्याच शेवाळाला ते नाव दिलेलं असणार. अर्कासाठी जगभर वापरलं जाणारं अॅस्कोफायलम नोडोसम हे उत्तर अटलांटिकच्या खडकांवरचं शैवाल केल्प नव्हेच.

आता ‘पुन्हा वाढतं’ या दाव्याकडे. नॉर्वेत केल्पचा एक पट्टा काढला की तो चार वर्षं पड ठेवतात. तेवढ्या काळात केल्प बऱ्यापैकी उंच होतो; पण त्याच्या जुन्या देठांवर वाढणारी बारीक शैवालं आणि त्यांत राहणारे असंख्य छोटे जीव तितक्या लवकर परतत नाहीत, असं तिथल्या संशोधकांना आढळलं. माशांची पिल्लं पोसली जातात ती याच जीवांवर. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात अॅस्कोफायलमची तोडणी साठ्याच्या १७ टक्क्यांपर्यंतच करू देतात आणि बुडखा राखून कापायला लावतात. न संपणाऱ्या वस्तूला कुणी असे नियम करत नाही. उत्तर कॅलिफोर्नियात तर तोडणीशिवायच केल्पचं जंगल गेलं. २०१३ पासून रोगानं सूर्यफूल तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला. तारामासे ज्यांना खात ते काटेरी सी-अर्चिन मोकाट वाढले आणि काही वर्षांत बुल केल्पचं ९० टक्क्यांहून अधिक आच्छादन नाहीसं झालं. इतकं नाजूक गणित असलेली वस्तू ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर खपवणं मला मान्य नाही.

तिसरं मत असं की मग परदेशी शेवाळ नकोच, आपल्या किनाऱ्यावर लावू. यात तथ्य आहे. तमिळनाडूत मंडपमच्या परिसरात शेवाळाच्या शेतीनं मच्छीमार कुटुंबांच्या हाती, विशेषतः बायकांच्या हाती, पैसा आला आणि हे काम थांबावं असं कुणी म्हणू नये. पण तिथं लावलेलं कॅपाफायकस मूळचं आपलं नाही. १९८० च्या दशकात ते बाहेरून आणलं गेलं आणि २००८ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवत असल्याची नोंद झाली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. त्या पैशातून कोकणात काय लावलं जाणार, हा प्रश्न रोप पाण्यात सोडण्याआधी विचारायचा असतो. मालवणात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मच्छीमारांचा विश्वास मिळवला गेला नाही आणि विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. शेवाळाच्या बाबतीत तसं पुन्हा होता कामा नये.

माझं म्हणणं असं, की किनारा वाचवण्याचं एक साधन आष्टीच्या शेतकऱ्याच्या हातात आहे आणि ते त्यानं वापरावं. बाटली घेताना शेवाळाची जात कोणती, किनारा कोणता, रानटी की लावलेलं, हे विचारावं आणि उत्तर मिळत नसेल तर बाटली परत ठेवावी. २०२१ पासून असे अर्क जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. नोंदणीसाठी स्रोताची माहिती आणि पिकावरच्या चाचण्या द्याव्या लागतात. सरकारला दिलेली तीच माहिती लेबलवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत हवी. पिकाची चाचणी होते, किनाऱ्याचीही व्हावी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं अर्काची शिफारस करताना रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला सोबत घ्यावं आणि कोकणातल्या खडकांवर स्वतःहून वाढणाऱ्या सरगॅसमसारख्या देशी शैवालांपासून सुरुवात करावी. किती काढलं तर किनाऱ्याला झेपेल, हे तिथल्या मच्छीमारांबरोबर बसून ठरवावं. आणि तो आकडा ठरेपर्यंत एकाही बाटलीला शिफारस देऊ नये.