नोकरी गेली, लायसन्सही गेलं! मग कॅडचा हात चालू कसा ठेवायचा?

डिझाइन इंजिनिअरची नोकरी सुटते तेव्हा आयकार्ड आणि लॅपटॉप तर जमा होतोच, पण त्यासोबत सॉफ्टवेअरचं लायसन्सही जातं. मग सहा-आठ महिने अर्ज पाठवण्यात निघून जातात. शेवटी चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीतून बोलावणं येतं, समोर ड्रॉइंग ठेवतात आणि अर्ध्या तासात मॉडेल करून दाखवा म्हणतात. तेव्हा सगळं येत असूनही हात अडतो.

हे का होतं?

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की ते कायम आपलं असायचं. २०१६ मध्ये ऑटोडेस्कनं ऑटोकॅडसह बहुतेक सॉफ्टवेअरची कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं आणि सबस्क्रिप्शन आणलं. त्यांचं मोफत एज्युकेशन लायसन्स मिळतं, पण फक्त शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना. म्हणजे कॉलेज संपलेलं आणि नोकरी नसलेली व्यक्ती दोन्हीकडून बाहेर. सरावाची खरी गरज मात्र तिलाच!

मग बरेच जण 'क्रॅक' शोधतात. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब इथे माहीत हवं. सॉफ्टवेअरची बेकायदा कॉपी जाणूनबुजून वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच दंड करू शकतं. पण बेरोजगार माणसाला तेही कुठे परवडणार?

कायदेशीर आणि फुकट काय मिळतं?

बरंच काही. फ्यूजनचं पर्सनल लायसन्स आहे, त्यात एका वेळी १० डॉक्युमेंटच एडिट करता येतात. सरावाला तेवढी पुरतात. सॉलिड एजची कम्युनिटी एडिशन आहे. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे कमी ताकदीच्या लॅपटॉपवरही जमतं. ही तिन्ही व्यावसायिक कामासाठी नाहीत, त्यामुळे फ्रीलान्स काम घेतलंत तर नियम मोडला. फ्रीकॅडला ही अटच नाही. ते ओपन सोर्स आहे आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. सिव्हिलवाल्यांसाठी आयआयटी मुंबईचं 'ओसडॅग' आहे, स्टील स्ट्रक्चर भारतीय मानकांनुसार डिझाइन करण्यासाठी. कॅटियाची मात्र सगळ्यांना खुली अशी फुकट आवृत्ती नाही. तिथे अडचण खरी आहे.

पण स्केच, कन्स्ट्रेंट, एक्स्ट्रूड, असेंब्ली, मेट हा विचार सगळीकडे सारखाच असतो. बदलतात ती बटणं. ती जागेवर सापडायला थोडे दिवस लागतात, विचार पक्का व्हायला वर्षं लागतात.

'नवीन व्हर्जन येत नाही' ही भीतीही थोडी फुगवलेली आहे. ऑटोकॅडचा फाइल फॉरमॅट २०१८ च्या व्हर्जनमध्ये बदलला आणि पुढची कित्येक व्हर्जन तोच राहिला. 'लेटेस्ट व्हर्जन'च्या नावाखाली क्लासची मोठी फी भरण्याआधी एवढं नक्की आठवा.

पोर्टफोलिओचं काय?

इथे मोठी चूक होते. जुन्या कंपनीची मॉडेल पेनड्राइव्हवर आणून मुलाखतीत दाखवायची. ती फाइल कंपनीची असते आणि बहुतेक ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेची अटही असते. शिवाय समोरचा मॅनेजर पहिला विचार हाच करणार, की उद्या हा आमचंही असंच बाहेर नेईल. ऑनशेपच्या फुकट खात्यात तर सगळी डॉक्युमेंट सार्वजनिक असतात. तिथे कंपनीचं काहीही टाकू नका.

त्यापेक्षा घरातला जुना नळ किंवा सायकलचं पेडल खोला. व्हर्नियरनं मापं घ्या, प्रत्येक पार्ट मॉडेल करा, असेंब्ली जोडा आणि शेवटी टॉलरन्ससह ड्रॉइंग काढा. ड्रॉइंग काढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण मुलाखतीत बोट तिथेच ठेवलं जातं. एच७/जी६ लिहिलं तर शाफ्ट सरकता बसतो, एच७/पी६ लिहिलं तर दाबून बसवावा लागतो. तुम्ही यातलं कोणतं लिहिलं आणि का, हे सांगता आलं पाहिजे. त्याचा अभ्यास करायला तर सॉफ्टवेअरही लागत नाही, आणि लायसन्सही नाही.