दवाखान्याचं बिल भरलं म्हणजे भरपाई झाली का?



सोयाबीनच्या बनमी लागल्यात. पावसानं उघडीप दिली तशी सगळ्यांचीच घाई सुरू झाली. हडंबेवाल्याचा फोन लागत नाही, लागला तर तो म्हणतो "रात्री अकराला येतो." टोळी सकाळपासून काढणीवर राबलेली, तीच रात्री बॅटरीच्या उजेडात मळणीला उभी. दरवर्षी या पंधरा दिवसांत तालुक्यात कुणाचा ना कुणाचा हात यंत्रात जातो. म्हणून आज भावाचं, उताऱ्याचं काही लिहीत नाही. हाताबद्दल लिहितो. काहींना झोंबेल, पण ऐकून घ्या.

आमच्या गावात गेल्या दिवाळीच्या आधी एका मजुराची उजव्या हाताची तीन बोटं हडंब्यात गेली. वय तेव्हा चाळीस, घरी तीन लेकरं, नावावर गुंठाभर जमीन नाही. शेतमालक माझ्या ओळखीतला, साडेतीन एकराचा धनी, माणूस वाईट नाही. त्यानं स्वतः गाडी करून दवाखान्यात नेलं, अडतीस हजाराचं बिल भरलं. मग चार माणसं बसली, पंचवीस हजार रोख ठरले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं: "यापुढे माझी कसलीही तक्रार राहणार नाही." खाली डाव्या हाताचा अंगठा. पारावर सगळे म्हणाले, मालक देवमाणूस. दवाखाना केला, वर पंचवीस दिले, आणखी काय पाहिजे?

आणखी काय पाहिजे, तेच सांगतो.

१९२३ सालचा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. आधी कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणायचे, पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की हा कारखान्याचा कायदा, शेताला लागत नाही. कारखान्याची ती ईएसआयसी वेगळी, ती शेताला नाही हे खरं. पण या कायद्याच्या यादीत ट्रॅक्टर किंवा इंजिन-विजेवर चालणाऱ्या यंत्रानं होणारं शेतीकाम होतं. पिकावर औषध फवारणंसुद्धा होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली, त्यात मजूरही होते, हे विसरू नका. माणूस रोजंदारीचा आहे, चार दिवसांचा आहे, असं म्हणूनही सुटका नाही.

आता हिशोब. तो कायद्यातच दिलाय, मी माझ्या मनानं करत नाही. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. वय ४० असेल तर गुणक १८४.१७. महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्क्यांना या आकड्यानं गुणायचं आणि त्याचे ३० टक्के काढायचे. मजुरी ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०,४०० रुपये. त्याचे ६० टक्के ६,२४०. गुणिले १८४.१७ म्हणजे ११,४९,२२०. त्याचे ३० टक्के ३,४४,७६६ रुपये.

कुणी म्हणेल, बारमाही २६ दिवस काम कुठं मिळतं? बरं, २० दिवस धरा. तरी २,६५,२०४ होतात. मिळाले किती? पंचवीस हजार.

आणि तो दवाखान्याचा अडतीस हजार? तो भरपाईत मोजायचाच नाही. उपचाराचा खर्च मालकानं वेगळा द्यायचा आणि भरपाई वेगळी, असं कायदा साफ म्हणतो. बिल भरलं म्हणजे जखम भरली. गेलेल्या बोटांचे पैसे अजून बाकीच आहेत. ज्या हातानं तो दिवसाला एवढं सोयाबीन कापायचा, त्या हातात आता विळा धरवत नाही. आज तो राखणीला जातो, दोनशे रुपयांवर. हा निम्म्याचा तोटा त्याला मरेपर्यंत आहे. भरपाई म्हणतात ती या तोट्याची.

स्टॅम्पचं काय? कायद्यातला हक्क सोडून देणारा करार या कायद्यानं रद्दबातल आहे. अंगठा उठवला, साक्षीला सरपंच बसवला तरी त्या कागदाची किंमत शंभर रुपयांचीसुद्धा नाही. अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाई आयुक्तांपुढं दावा करता येत होता. देणं झाल्यापासून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज होतं, आणि विनाकारण टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मी हे त्या मजुराला त्याच्या घरी जाऊन सांगितलंय. दोन वर्षं अजून सरलेली नाहीत. तो म्हणतो, "दादा, मालकाकडं उचल आहे, गावातच राहायचंय." त्याची भीती मला कळते. पण भीतीपोटी गप्प बसलेल्या माणसाला आपण "समाधानी" म्हणतो, हे काही बरं नाही.

आता आपली बाजू. पारावर मला सुनावलं गेलं, "तू शेतकरी आहेस का मजुरांचा पुढारी?" मी शेतकरीच आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४ साली ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याच्या खालीच मागत होते, हे मलाही सोसावं लागलं. साडेतीन एकरवाल्यानं साडेतीन लाख आणायचे कुठून? रान विकायचं का? हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर मजुराच्या बोटांतून वसूल करायचं, हे कुठलं न्यायाचं? आपल्याला पैसे नाहीत म्हणून त्याचं नुकसान कमी होत नाही. उत्तर विम्यात आहे, आणि खरी गोम तिथंच आहे.

विमा आहे तरी कुणाला बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. आता ती सानुग्रह अनुदान म्हणून चालते. चांगली योजना आहे, मृत्यूला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. पण कुणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. बटईनं कसणाऱ्याला नाही, भूमिहीन मजुराला नाही. एकाच यंत्रावर दोघं उभे, शेतमालक आणि गडी. दोघांचा हात गेला तर एकाला लाख रुपये, दुसऱ्याला सहानुभूती. यंत्राला सातबारा वाचता येतो का?

दुसरी, पंतप्रधान सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापतात. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. मजुराला घेता येते ही चांगली गोष्ट. पण बोटांना तिथं काही नाही, आणि हडंब्यात बहुतेक वेळा बोटंच जातात. शिवाय मे अखेरीला खात्यात वीस रुपये नसले तर विमा बंद, आणि ते मजुराला अपघात झाल्यावर कळतं.

तिसरं, "ट्रॅक्टरचा विमा आहे की." हे तर सर्रास ऐकतो. भावांनो, पॉलिसीचा कागद काढा आणि वाचा. साध्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जबाबदारी येते. हडंब्यावर पेंढ्या सारणाऱ्या मजुराची येते असं धरून चालू नका. त्याच्यासाठी जादा हप्ता भरला नसेल तर कंपनी हात वर करते.

आणि मग सुरू होतो टोलवाटोलवीचा खेळ. शेतमालक म्हणतो, यंत्र त्याचं. हडंबेवाला म्हणतो, मजूर त्याचे. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसं आणली. कायद्याचं म्हणणं सरळ आहे: ठेकेदाराकडून आपल्या धंद्याचं काम करून घेतलं तरी मजूर मुख्य मालकाकडं मागू शकतो, मालकानं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. तुमच्या भांडणासाठी मजुरानं थांबायचं कारण नाही.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. मळणी यंत्रावर अनुदान देता, महाडीबीटीवर अर्ज घेता, जीएसटीचं बिल मागता, यंत्राचा फोटो मागता. मग त्याच अर्जाला यंत्रावरच्या माणसांच्या विम्याची अट का नाही? धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा आहे, तो मळणी यंत्रांसाठीच आला. पेंढ्या सारायचा पत्रा निदान ९० सेंटिमीटर लांब हवा, त्यातला ४५ सेंटिमीटर वरून झाकलेला हवा, म्हणजे हात आतल्या दात्यांपर्यंत पोचत नाही. तुमच्या शिवारात येणाऱ्या हडंब्याचा पत्रा टेपनं मोजून बघा. किती यंत्रांवर झाकण शाबूत आहे? "झाकण असलं की काम उरकत नाही" म्हणून काढून टाकलेलं असतं. घाई आपली, हात दुसऱ्याचा.

अजून एक गोष्ट बोलायची राहते, बायांची. बाईला २५० आणि गड्याला ४०० ही आपल्या गावची रीत. भरपाई मजुरीवर निघते. तीच तीन बोटं, तेच चाळीस वय, पण २५० च्या मजुरीवर हिशोब येतो २,१५,४७८. म्हणजे रोजाला कमी दिलं, आणि बोटं गेली तरी कमीच. एक चूक दोनदा वसूल होते.

माझी मागणी एवढीच आहे. मुंडे योजनेत भूमिहीन शेतमजूर आणि बटईदार घ्या, आणि बोटांचाही हिशोब धरा. अनुदानाच्या यंत्राला मजुरांच्या विम्याची सक्ती करा. हप्त्याचा भार एकट्या लहान शेतकऱ्यावर नको. हडंबेवाला कट्ट्यामागं पैसे घेतोच, त्यातच दोन-चार रुपये विम्याचे धरावेत, ते आपण द्यावेत. कट्ट्यामागं चार रुपये द्यायला कुणाचं रान विकावं लागत नाही.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. या हंगामात आपल्या हातात असलेलं सांगतो:

१. हडंबा ठरवताना भावाबरोबर मजुरांच्या विम्याचं विचारा. कर्मचारी भरपाईची पॉलिसी विमा कंपन्या देतात. कागद बघितल्याशिवाय यंत्र रानात घेऊ नका.

२. झाकण नसेल तर यंत्र परत पाठवा. रात्रीची मळणी दिवसभर राबलेल्या टोळीकडून करून घेऊ नका. सैल बाह्या, पदर, गळ्यातला गमजा आवळून बांधायला लावा.

३. आपल्या मजुरांचा २० रुपयांचा विमा स्वतः पुढं होऊन काढून द्या. दहा माणसांचे दोनशे रुपये होतात.

४. अपघात झालाच तर दवाखान्यात "घरी पडला" असं सांगायला लावू नका. यंत्रात हात गेला, कुणाच्या रानात, किती वाजता, हेच कागदावर येऊ द्या. मजुरांनो, तुम्हीही हेच सांगा, आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स जवळ ठेवा. पुढचा सगळा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

५. स्टॅम्पवर सही-अंगठा घेऊ नका, देऊ नका. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथं मजुराला फुकट वकील मिळतो.

मजूर मिळत नाहीत, लेबर मातलंय, ही ओरड मी रोज ऐकतो. ज्या रानात हात गेला तर पंचवीस हजारात मिटवतात, त्या रानात माणसानं आपलं पोरगं का पाठवावं? आधी याचं उत्तर द्या, मग मजुरांना नावं ठेवा.

ज्यांची मळणी या आठवड्यात आहे त्यांनी पत्रा मोजून घ्या.