वॉल्व्ह बदलला, पण हृदय अजून बरं व्हायचंय

"डॉक्टर, वॉल्व्ह तर नवीन बसवला. मग आता बीपीची गोळी कशाला?" जळकोटच्या ओपीडीत हा प्रश्न अधूनमधून येतोच. बहुतेक वेळा विचारणाऱ्याने गोळी महिनाभर आधीच बंद केलेली असते.

ही चूक महागात पडते. महाधमनीची झडप निरोगी असेल तर उघडल्यावर रक्ताला 3 ते 4 चौरस सेंटीमीटर वाट मिळते. आजार गंभीर झाला की ती 1 चौरस सेंटीमीटरपेक्षाही कमी होते. एवढ्याशा फटीतून रक्त ढकलायचं म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. आडतीवर पोती उचलणाऱ्या हमालाचे दंड भरतात, तशी त्याची भिंत जाड होते. एरवी 1 सेंटीमीटरच्या आत असणारी भिंत दीड सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. पण दंड भरले तर हमालाचा फायदा, हृदयाचं उलट. जाड भिंत कडक होते, नीट सैल पडत नाही, कप्पा पुरता भरत नाही, आणि चार पायऱ्या चढल्या की दम लागतो.

ऑपरेशनने ती फट काही तासांत मोकळी होते. भिंत मात्र हळूहळू उतरते. बरीचशी पहिल्या सहा महिने ते वर्षभरात, उरलेली पुढची काही वर्षं. स्नायूत व्रणासारखे तंतू तयार झाले असतील तर तेवढा भाग सहसा पूर्ववत होत नाही. म्हणूनच दम, चक्कर, छातीतलं दुखणं "वय झालं" म्हणून अंगावर काढू नका.

आता बीपीचं. हृदयाला अरुंद झडप काय आणि वाढलेला रक्तदाब काय, ओझं ते ओझंच. दार उघडलं आणि अंगणात दगड रचले, तर उपयोग काय?

मी रुग्णाला दोष देत नाही. दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यात "ईएफ 60 टक्के" लिहिलेलं. घरचे समजतात, हृदय एकदम ठणठणीत. ईएफ म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच. भिंत जाड आणि कडक असतानाही हा आकडा चांगला येतो. हे कुणी सांगत नाही. वर गुडघे दुखले म्हणून आमच्यातलाच कुणीतरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकतो! रक्तस्राव झाला की मग पळापळ.

महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन होतं, चांगलंच आहे. पण वर्षभराने इकोसाठी उदगीरला किंवा लातूरला कोण घेऊन जाणार, हे घरात ठरलेलं नसतं. ते आधी ठरवा. धातूची झडप असेल तर आयएनआरची तपासणी आणि रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर आहे, बरं वाटलं तरी.

पुढच्या वेळी येताना ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा, दोन्ही इको घेऊन या. भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.