उत्पन्नाच्या रकान्यापलीकडे

वधू-वर परिचय पुस्तिकेत शिक्षण, उंची, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न यांचे रकाने असतात. उत्पन्नाच्या आकड्यावर वडीलधाऱ्यांची नजर हमखास थांबते. ते मिळवणारा मुलगा किंवा मुलगी रात्री किती वाजता घरी पोहोचते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

हिंजवडीतील संगणक कंपनी असो वा मुंबईतील सनदी लेखापालाचे कार्यालय, तरुणांचा दिवस संध्याकाळी संपत नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर त्याच वेळी बैठक लागलेली असते. डबा न उघडता घरी परततो. आईला पहिली शंका तिथेच येते. मग झोप उडते, चिडचिड वाढते, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधड सुरू होते.

‘आम्हीही दुकानात चौदा-चौदा तास उभे राहिलो,’ असे वडील म्हणतात. ते खोटे नाही. पण त्या दुकानाचे मालक ते स्वतः होते, दुपारी गादीवर घटकाभर लवंडता येई आणि शटर ओढले की दुकान मागे राहत असे. आजचे कार्यालय मोबाइलमधून उशाशी येऊन बसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या संपूर्ण थकव्याची आपल्या वर्गीकरणात नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असल्याचा अंदाज, त्या संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये मांडला. हा नाजूक मनाच्या मुलांचा हट्ट नव्हे.

खरी अडचण उंबरठ्याच्या आत आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे ठरले, की ‘बाहेर कळले तर स्थळे येतील का?’ हा प्रश्न आधी उभा राहतो आणि उपचार लग्नानंतरवर ढकलले जातात. दरम्यान दुखणे थांबून राहत नाही, आणि लग्नानंतर ते दोन घरांचे होते. मधुमेहाची गोळी ताटाशेजारी ठेवणाऱ्या घरात झोपेची गोळी कपाटात लपवावी लागते, हे विचित्रच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही म्हटले आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य सुरू असतो. त्यावर मराठीतूनही बोलता येते.