चातुर्मासातील सुपारी

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव हळद आणि केळीच्या पट्ट्यात येते. उन्हाळ्यात हळदीचे पैसे हाती आले की या भागात लग्नांची लगबग सुरू होते आणि वरातीपुढे बँड हवाच असतो. या बँडचा इतिहास पाहिला तर तो कलेइतकाच अर्थव्यवहाराचाही आहे.

पितळी वाद्यांचा बँड मूळचा लष्करी. युरोपात १८१८च्या सुमारास तुतारीसारख्या वाद्यांना बोटांनी दाबण्याच्या कळा बसल्या आणि ठरावीक चार-दोन सुरांपुरती असलेली ही वाद्ये पूर्ण चाल वाजवू लागली. पलटणींबरोबर ती भारतात आली. हिंगोली येथेही १९०३पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा छावण्यांतून आणि संस्थानांच्या दरबारांतून हा थाट समाजाच्या नजरेत भरला. मीरतच्या जली कोठी भागात वाद्ये घडू लागली. तेथील नादिर अली कंपनी १८८५ची. वाद्ये देशातच मिळू लागल्याने खेड्यांतील वादकांनाही ती आवाक्यात आली.

महाराष्ट्राच्या खेड्यांत ही वाद्ये बहुधा त्यांनीच हाती घेतली, ज्यांच्या घरी हलगी आणि सनई पिढीजात होती. त्यांत मातंग समाजातील वादकांचा वाटा मोठा आहे. नोटेशनचे शिक्षण नसताना केवळ कानावर भिस्त ठेवून त्यांनी भजनापासून चित्रपटगीतापर्यंत सारे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर उतरवले. गणवेशामुळे रुबाब आला. परंतु ज्यांच्या सुरांशिवाय मंगलकार्य अडत असे, त्यांची पंगत मात्र अनेक ठिकाणी मांडवाबाहेरच राहिली. हा हिशेब समाजाकडून अजून चुकता व्हायचा आहे.

बँड हा भांडवली व्यवसाय आहे. वाद्ये, गणवेश, वाहन आणि दहा-वीस वादकांची मजुरी यांत पैसा गुंततो. ‘सुपारी’ म्हणजे आगाऊ रक्कम मिळाली की मास्तर माणसे बांधतो. उत्पन्न तुळशीविवाहानंतरच्या मोजक्या मुहूर्तांवर येते, खर्च मात्र बारा महिन्यांचा. चातुर्मासात लग्ने थांबतात तेव्हा अनेक वादकांना शेतमजुरीकडे वळावे लागते किंवा उसनवारीवर दिवस काढावे लागतात. २०२०मध्ये ऐन लग्नसराईत टाळेबंदी आली, पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पडली आणि वर्षाच्या कमाईचा हंगामच हातचा गेला. त्यातच गाडीवरचा बँजो आणि डीजे आधीपासून स्पर्धेत उतरलेले होते. एका यंत्रामागे दोन-तीन माणसे पुरतात. बँडमागे तेवढी घरे अधिक चालतात.

येथे जैन कुटुंबांचे स्थान वेगळे ठरते. साधू-साध्वींचा चातुर्मास प्रवेश आषाढात होतो. पर्युषणाच्या सुमारास तपस्वींचे वरघोडे निघतात, रथयात्रा होतात. लग्नसराई थांबलेली असते नेमके तेव्हाच हे काम येते. व्यापारी माणसाला मंदीतल्या मागणीचे मोल सांगावे लागत नाही. हंगामातील दहावी सुपारी मास्तरला सुखावते. भाद्रपदातील एक सुपारी त्याची माणसे टिकवते. माणसे पांगली की पुढच्या लग्नसराईत संच नव्याने जुळवावा लागतो, आणि सूर जुळायला वेळ लागतो.

म्हणून मिरवणूक ठरवताना तीन गोष्टी पाळता येतील. जवळच्या गावातील बँडला महिनाभर आधी सुपारी द्यावी. उरलेली रक्कम मिरवणूक संपताच, त्याच दिवशी मास्तरच्या हाती ठेवावी. ‘नंतर या’ हे उत्तर दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला महाग पडते. आणि साधर्मिकांची पाने मांडली जातील त्याच मांडवात, त्याच वेळी वादकांचीही मांडावीत. खर्चाच्या वहीत याने फारशी भर पडत नाही. वादकांच्या घरी मात्र पुढची पिढी क्लॅरिनेट हाती घेईल की नाही, हे बऱ्याच अंशी अशाच वागणुकीवर ठरते.