दुरुस्तीचे उपकार नकोत

संगीतरचनांच्या चिकित्सक आवृत्त्यांची कुचेष्टा करणे फार सोपे असते. एका बिंदूसाठी किंवा एका वक्ररेषेसाठी विद्वान मंडळी वर्षेच्या वर्षे हस्तलिखिते चाळीत बसतात आणि सभागृहातल्या श्रोत्याला त्याचा पत्ताही नसतो, असे म्हणून लोक हसतात. हे हसणे अज्ञानातून येते. बिंदूंचा हिशेब कोणी ठेवला नाही की काय घडते, हे एक्तोर बेर्लिओझ (१८०३–१८६९) या फ्रेंच संगीतकाराच्या वाद्यवृंदगीतांकडे पाहिले म्हणजे कळते.

थेओफिल गोतिएच्या सहा कवितांना बेर्लिओझने चाली दिल्या आणि ‘ले न्वी देते’, म्हणजे ग्रीष्मातल्या रात्री, ही गीतमाला १८४१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा साथीला केवळ पियानो होता, आणि मेझो-सोप्रानो किंवा टेनर अशा एकाच गळ्याने ती गावी अशी योजना होती. ‘आब्सांस’ या गीताला त्याने १८४३ मध्ये वाद्यवृंदाची साथ दिली. उरलेली पाच गीते १८५६ मध्ये त्याच रूपात आली आणि विंटरथूरच्या रीटर-बीडरमान यांनी माला छापली. मात्र हे निव्वळ साथ बदलणे नव्हते. ‘गुलाबाचे भूत’ हे गीत पांढरी दोनच्या पट्टीवरून खाली पांढरी सातवर उतरले, त्याला आरंभी नवे वाद्यवादन मिळाले आणि ते कॉन्ट्राल्टोच्या वाट्याला गेले. ‘स्मशानात’ हे टेनरकडे राहिले. त्यामुळे ही मूळ एका गळ्याची माला आता अनेक गळ्यांची झाली. सहाही गीते वाद्यवृंदासह सलग सादर झाल्याची बेर्लिओझच्या हयातीतली नोंद नाही.

आता यातले खरे ‘ले न्वी देते’ कोणते? माझे उत्तर असे, की हा प्रश्नच आळशी आहे. रचनाकाराने दोनदा विचार केला. दोन्ही विचार त्याचेच आहेत. संपादकाने ते शेजारी शेजारी, न मिसळता, कोणता केव्हाचा हे सांगून ठेवावेत. ‘ला काप्तीव्ह’ हे व्हिक्टर ह्यूगोच्या कवितेवरचे गीत १८३२ पासून १८४८ पर्यंत पुनःपुन्हा नवे रूप घेत गेले. त्यातले एकच छापून बाकीची टोपलीत टाकणाऱ्याला संपादक कसे म्हणावे?

पण संपादकाच्या खुर्चीत बसले की माणसाला दुरुस्ती करण्याचा मोह होतो. लाइप्झिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल यांनी १९०० ते १९०७ या काळात बेर्लिओझचे वीस खंड काढले. संपादक होते शार्ल मालेर्ब आणि फेलिक्स वाइनगार्टनर. त्यांचे श्रम मी नाकारीत नाही. परंतु बेर्लिओझच्या खुणा आणि वाद्ययोजना त्यांनी ठिकठिकाणी आपल्या पिढीच्या सवयींना जुळवून घेतल्या, आणि ‘ले त्रॉयें’सारखी प्रचंड कृती तर त्या संचात आलीच नाही.

यातला दैवदुर्विलास असा, की याच अपराधासाठी बेर्लिओझने दुसऱ्याला चारचौघांत झोडपले होते. बेथोव्हेनच्या सिम्फनींची मुद्रिते तपासताना फेतिस या पंडिताने त्यांत ‘सुधारणा’ केल्याचे त्याच्या ध्यानात आले. १८३२ साली ‘लेलिओ’ रंगमंचावर आले, तेव्हा नायकाच्या तोंडून त्याने असल्या सुधारकांची सालटी काढली. श्रोत्यांत स्वतः फेतिस बसला होता! पुढे मालेर्ब-वाइनगार्टनर यांनी त्याच्याच कागदांवर लेखणी चालवली, तेव्हा त्यांना झोडपायला तो हयात नव्हता.

बेरेनरायटरच्या नव्या बेर्लिओझ आवृत्तीने (१९६७–२००६, प्रमुख संपादक ह्यू मॅक्डोनाल्ड) हे ऋण फेडले. वाद्यवृंदगीतांचा तेरावा खंड इअन केम्प यांनी १९७५ साली सिद्ध केला.

मात्र हा खंड काठीसारखा उगारून गायकांना हाणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. रेजीन क्रेस्पॅनने १९६३ मध्ये सहाही गीते एकटीने गायिली. कॉलिन डेव्हिसने १९६९ मध्ये चार गायकांत ती वाटून दिली. हार्मोनियमवर बसणाऱ्या मलाही गळा पाहून पट्टी बदलावी लागते. गायकाने बदल करावा, पण तो सांगून करावा. आणि सांगण्यासाठी मूळ काय होते ते आधी ठाऊक हवे.

ते ठाऊक होणार कसे? मालेर्ब-वाइनगार्टनर यांची पाने हक्कमुक्त झाल्याने इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यांची स्वस्त पुनर्मुद्रणेही निघाली. शुद्ध पाठ मात्र महागड्या खंडांत राहतो. साहजिकच गरीब विद्यार्थी हाताला लागेल तेच गिरवतो. मोझार्टच्या बाबतीत ही अडचण सुटली आहे. बेरेनरायटरनेच छापलेली त्याची नवी समग्र आवृत्ती साल्झबुर्गच्या मोझार्टेउमने २००६ पासून इंटरनेटवर सर्वांना खुली केली. बेर्लिओझचा अखेरचा खंडही त्याच वर्षी पूर्ण झाला. मग त्याच्याच गीतांवर हा पहारा कशासाठी?