शिकवणीचें नवें सोंवळें

पूर्वीं विद्या सोंवळ्यांत होती. ती ज्याच्या घरीं असे, त्याच्या ओटीवर आमच्या बापजाद्यांस चढतां येत नसे. आतां शाळेचें दार सर्वांस उघडें आहे. फी नाहीं, पुस्तकें फुकट, दुपारचें जेवण फुकट. तेव्हां सोंवळें संपलें, असें आमचे पुष्कळ बांधव समजतात. ही समजूत खोटी आहे. सोंवळें संपलेलें नाहीं. तें शाळेंतून उठून शिकवणीच्या खोलींत जाऊन बसलें आहे.

उलव्याच्या नव्या वस्तींतून एखाद्या संध्याकाळीं फेरी मारावी. इमारतीच्या तळाला औषधांचें दुकान, शेजारीं जागांच्या दलालाची कचेरी आणि वर शिकवणीच्या वर्गाची पाटी, असा क्रम दिसेल. पाटीवर गेल्या सालच्या मुलांचे फोटो, त्यांचे टक्के आणि खालीं मोठ्या अक्षरांत आश्वासन, कीं येथें मोजकींच मुलें घेतों व एकेकाकडे लक्ष देतों. हें आश्वासन खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उलट तें पुष्कळ ठिकाणीं खरें असतें, आणि तेंच आमचें दुःख आहे. थोडीं मुलें जवळ घेऊन जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या तर गुण वाढतात, यांत शंका नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्या खोलींत कोणाचीं मुलें बसतात?

ही वस्ती ज्या जमिनीवर उभी आहे ती कोणाची होती, हें नव्या रहिवाशांस ठाऊक नसेल. आमच्या लोकांनीं तरी विसरूं नये. ता. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि आगरी, कोळी, कराडी लोकांचीं भातशेतें व मिठागरें नव्या शहरासाठीं घेतलीं गेलीं. त्या जमिनीच्या मोलासाठीं लढतांना जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या बाजूस पांच शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडले. दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालीं झालेल्या त्या लढ्यामुळें पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळूं लागले. मग विमानतळ आला. त्यांत दहा गांवें उठलीं व त्यांतच मूळ उलवें गांवहि उठलें. टेकडी कापली, नदी वळवली. नांव तेवढें नव्या शहराला राहिलें. ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें व त्याच सालच्या २५ डिसेंबरपासून विमानें उडूं लागलीं. जमीन होती तोंवर नापास झालेला पोरगा नांगराला लागे. आतां त्यानें कोठें लागावें? विमानतळांत शिरण्याच्या वाटा दोन आहेत. एक डोक्यावर ओझें किंवा हातांत झाडू घेऊन. दुसरी परीक्षा देऊन. दुसऱ्या वाटेवरचा पहिला दरवाजा मूल दहा-तेरा वर्षांचें असतांनाच लागतो, हें आमच्या आईबापांस कोणी सांगत नाहीं.

तो दरवाजा कसा आहे तें पाहूं. इयत्ता आठवीच्या मुलांसाठीं आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ति परीक्षा असते. शाळांत तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांतील मुलांसच ती देतां येते, आणि घरचें उत्पन्न सालीना साडेतीन लाखांच्या आंत असावें लागतें. निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दरमहा १००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वांट्याला अशा ११६८२ शिष्यवृत्त्या आहेत. पेपर दोन, प्रत्येकांत ९० प्रश्न आणि ९० मिनिटें. एका प्रश्नास एक मिनिट. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाला ८० प्रश्न असतात. त्यांतले निम्मे आकृत्यांचे, म्हणजे वेगळी आकृति ओळखा, आरशांतली प्रतिमा ओळखा, अशा जातीचे. शाळेच्या कोणत्या पुस्तकांत हा धडा आहे? ज्याला तो आधीं कोणी दाखवला, त्याला तो खेळ वाटतो. ज्यानें तो परीक्षेच्या दिवशींच प्रथम पाहिला, त्याला तें भूत वाटतें. यांत बुद्धि कमी-जास्त असण्याचा प्रश्न कोठें आला?

आमच्याच वर्गांतली गोष्ट सांगतों. एक मुलगी गणितांत सर्वांच्या पुढें होती. तिनें परीक्षेंत पहिल्या वीस प्रश्नांवर पाऊण तास घालवला, कारण आलेला प्रश्न सोडून पुढें जाणें तिला पाप वाटलें. शेवटचे तीस प्रश्न कोरे राहिले. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहींत, तेव्हां कोरें कांहींच ठेवूं नये, एवढें एक वाक्य तिला कोणीं सांगितलें नव्हतें. तिची शिष्यवृत्ति गेली. दोष तिचा नव्हे, आमचा. अध्यापक विद्यालयांत पाठ कसा घ्यावा तें आम्ही शिकलों. परीक्षा कशी द्यावी हें मुलांना शिकवावें लागतें, हें त्या मुलीच्या कोऱ्या तीस प्रश्नांनीं शिकवलें. इमारतींतल्या वर्गाला जाणाऱ्या मुलाला हें वाक्य पहिल्याच दिवशीं मिळतें. ज्ञान नव्हे, नुसती माहिती. पण ती दाराआड आहे. यालाच आम्ही सोंवळें म्हणतों.

ही तक्रार नवी नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत त्यांनीं शिष्यवृत्त्यांबद्दल स्पष्ट सांगितलें होतें. चढाओढीनें शिष्यवृत्ति देण्याची रीत वरवर न्यायाची दिसते, पण तिचा लाभ ज्यांच्या घरांत विद्येची गोडी आधींच लागली आहे त्यांनाच होतो व इतर वर्गांत विद्या पसरत नाहीं, असा त्यांचा आशय होता. शाहू छत्रपतींनीं वसतिगृहें काढलीं आणि कर्मवीर भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, तीं याच खड्ड्यावर पूल बांधण्यासाठीं. पूल कांहींसा बांधला गेला. आतां त्याच्या तोंडाशीं नवा जकातनाका बसला आहे.

कोणी म्हणतील, शिकवणी ही श्रीमंतांची चैन. गरिबाला तिचा उपयोग काय? त्यांनीं मुंबईचाच अनुभव पहावा. सन २००१ ते २००३ च्या सुमारास मुंबई व बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेनें बालसखी नेमल्या. वस्तींतल्याच शिकलेल्या मुली; मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें वर्गांतून बाजूला घेऊन रोज दोन तास शिकवीत. पुढें २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेल्या अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं सहकाऱ्यांसह त्याची मोजणी केली. मुलांचे गुण निश्चित वाढल्याचें दिसलें, आणि ज्यांना कांहींच येत नव्हतें त्यांचे अधिक वाढले. म्हणजे मोठी पाटी लागत नाहीं, गार हवेचें यंत्र लागत नाहीं. लहान गट आणि माया असलेली शिकवणारी लागते. ती आपल्या गांवांत आहे. वहाळ, मोरावे, जावळे, गव्हाण, शेलघर, बामणडोंगरी, यांतल्या कोणत्या गांवांत कॉलेजांत जाणाऱ्या दोन मुली नाहींत?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गांवानें आठ-दहा मुलांचा एक गट करावा. आठवड्यांतून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास, समाजमंदिरांत. शिकवणाऱ्या मुलीला उत्सवाच्या फंडांतून मानधन द्यावें. पहिल्याच दिवशीं जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्यावी आणि गोल रंगवण्याची उत्तरपत्रिका हातांत द्यावी, म्हणजे निम्मी भीति तेथेंच जाते. प्रत्येक मुलानें आपल्या चुकांची वही ठेवावी. धडा पुन्हां पुन्हां वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून आठवेल तें लिहून काढावें. २००६ सालीं अमेरिकेंतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं करून पाहिलें, तों पांच मिनिटांनीं वाचणारे पुढें, पण आठवड्यानें आठवून लिहिणारे पुढें होते. आणि गटांत केवळ पहिल्या नंबरचीं मुलें घेऊं नयेत. तसें केलें तर आपणहि फोटोच्या पाटीचाच धंदा केला.

याच गटानें अर्जहि भरावे. इतर मागासवर्गीय मुलांस सीईटी, नीटच्या तयारीसाठीं महाज्योति संस्था फुकट शिकवणी व टॅब्लेट देते. एनएमएमएस उत्तीर्ण होऊन यादींत न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांस सारथीकडून सालीना ९६०० रुपये मिळतात. हे पैसे आपल्याच घामाचे आहेत. पण उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघाला नाहीं म्हणून ते दरसाल हातचे जातात.

पैसा नाहीं, ही सबब उलव्याच्या बाजूला तरी कोणीं सांगूं नये. हळदीच्या एका रात्रीच्या डीजेवर जें उडतें, त्यांत असा गट वर्षभर चालेल.

आतां कडू बोलतों. एका गांवीं आम्हीं अशा गटासाठीं समाजमंदिर मागितलें. आठ मुलांपैकीं पांच भाडोत्र्यांचीं होतीं. कोणाचा बाप गवंडी, कोणाचा रिक्षावाला, मराठवाड्यांतून, विदर्भांतून पोटासाठीं आलेले. एक वजनदार गृहस्थ म्हणाले, “मास्तर, आपल्या पोरांचें ठीक आहे, बाहेरच्यांचीं पोरें आपल्या देवळाच्या अंगणांत कशाला?” आम्ही थक्क झालों. त्यांचा स्वतःचा नातू इंग्रजी शाळेंत जातो व इमारतींतल्या वर्गाला बसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेंत आज जीं मुलें उरलीं आहेत, तीं बहुतेक या भाडोत्र्यांचीं. तींहि बहुजनांचींच मुलें ना? ज्यांच्या आज्यांस ओटीवर चढूं दिलें नाहीं, त्यांनींच आज दुसऱ्याच्या पोराला अंगणांतून हांकावें, तर मग आमच्या चळवळीनें एवढीं वर्षें भांडण तरी कशासाठीं केलें? सोंवळें ब्राह्मणाच्या घरचें वाईट आणि आपल्या घरचें चांगलें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आम्हां शिक्षकांनाहि दोन शब्द. शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें शिक्षकाला खासगी शिकवणी बंद आहे; तें योग्यच आहे. पण त्याच कायद्याचें २४ वें कलम सांगतें, कीं प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणें जादा शिकवणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. पहिलें कलम सर्वांस पाठ आहे. दुसरें कोणी उच्चारीत नाहीं. माहितीचे तक्ते भरण्यांत आमचा वेळ जातो, ही तक्रार खरी आहे व ती सरकारकडे केलीच पाहिजे. तथापि सरकारचें उत्तर येईपर्यंत आठवींतली मुलगी आठवींत थांबत नाहीं.

त्या समाजमंदिराचें दार अद्याप उघडलें नाहीं. आमचा गट सध्यां शाळेच्या व्हरांड्यांत बसतो. पावसाची झड आली कीं मुलें वह्या छातीशीं धरून भिंतीला चिकटतात. गांवच्या पंचांस आमची हात जोडून विनंति आहे, कीं पुढची परीक्षा येण्यापूर्वीं किल्ली द्यावी. न दिली तरी गट चालेलच. पण मोठीं झाल्यावर हीं मुलें त्या बंद दाराविषयीं काय सांगतील, याचा विचार पंचांनीं आजच करावा.